खोलीत खोललेली गाडी

आमच्या सिडकोतल्या घराच्या पुढच्या खोलीत गणपती उठल्यानंतरच्या रविवारी एक स्कूटर आली आणि मे महिना सरेपर्यंत तिथंच राहिली. चेतक, १९९१ ची, एमएच २० नंबरची. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उंबऱ्यावर फळी टाकून ती आत ढकलली तेव्हा आई दारात उभी होती. "घरात काय करायलात तुम्ही हे?" एवढंच तिनं विचारलं. अण्णा म्हणाले, "खोलायचीय."

दार उघडतं, डबा उघडतो, पुस्तक उघडतं; इंजिन मात्र आमच्याकडे खोलतात. शब्द हिंदीच्या वाटेनं आला असेल, पण मराठवाड्यातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये दुसरा शब्द चालत नाही. 'इंजिन उघडा' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मिस्त्री जरा थांबून बघतो. आणि मराठीत राहायच्या जागेलाही खोली म्हणतात, विहिरीच्या तळाशी जे असतं त्यालाही खोली म्हणतात. घरात गाडी खोलण्यात नेमकं काय होतं, याचा मी त्या आठ महिन्यांत बराच विचार केला. दर वेळी या तीन शब्दांपाशी येऊन थांबत होतो.

आधी साधा प्रश्न. घरातच का? आमच्या रो-हाउसला पुढं छोटा पोर्च आहे. पण या शहरात पोर्च माणसाच्या किंवा गाडीच्या मालकीचा नसतो, तो पाण्याच्या मालकीचा असतो. पैठणचा नाथसागर जलाशय इतका जवळ असूनही नळाला पाणी कित्येक दिवसांच्या अंतरानं येतं. त्यामुळे पोर्चमध्ये दोन टाक्या, चार ड्रम आणि एक मोटर. गच्चीवर ऊन-पाऊस. रस्त्यावर धूळ, आणि शिवाय रात्री पार्ट जागेवर राहतील याची खात्री नाही. उरते ती पुढची खोली, जिथं सोफा, टीव्ही आणि देवाचा फोटो असतो. म्हणजे घरात गाडी आणणं ही हौस नव्हती, जागेचा हिशेब होता. घरात आणल्याचा खरा फायदा काय, हे मात्र आम्हाला नंतर कळलं.

स्कूटरचा आजार जुना होता. दुसरा गिअर सटकायचा. चढाला, मागे कोणी बसलेलं असताना, ऐन जोर लावायच्या वेळी 'कटाक्' आवाज व्हायचा आणि इंजिन मोकळंच गुरगुरत राहायचं. दोन वेळा गॅरेजमध्ये गाडी खोलून झाली होती. दोन्ही वेळा गिअर क्रॉस नवा टाकला. दोन्ही वेळा पाच-सहा महिने गाडी नीट चालली आणि पुन्हा सटकायला लागली.

गिअर क्रॉस म्हणजे काय, ते नीट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. चेतक ही व्हेस्पाच्या वंशातली. व्हेस्पा बनवणाऱ्या इटलीच्या पियाज्योचा परवाना संपला आणि १९७२ साली बजाजनं स्वतःच्या नावानं चेतक आणली, तरी आतली रचना त्याच घराण्यातली राहिली. तिच्यात चारही गिअरची चाकं आपापल्या जोडीच्या चाकात कायम गुंतलेली असतात आणि कायम फिरत असतात. मग एकच गिअर 'पडतो' कसा? मागच्या चाकाचा दांडा आतून पोकळ असतो आणि त्यावर ती चार चाकं मोकळी बसवलेली असतात. दांड्याच्या पोटात चार पायांचा एक छोटा तुकडा मागेपुढे सरकतो, अधिक चिन्हासारखा. तोच क्रॉस. हँडलची मूठ फिरवली की केबल ओढली जाते, क्रॉस सरकतो, आणि ज्या चाकाच्या पोटातल्या खाचांत त्याचे पाय शिरतात ते चाक दांड्याला बांधलं जातं. बाकीची तीन चाकं फुकट फिरत राहतात. तळहातावर मावणारा पोलादाचा तुकडा आणि त्याचे चार पाय, एवढ्यावर दोन माणसांचं ओझं घाट चढतं. पायांच्या कडा झिजून गोल झाल्या की पकड सुटते. म्हणून मिस्त्री म्हणतो, क्रॉस बदला.

मिस्त्रीचं काही चुकत नाही. क्रॉस खरोखरच झिजलेला होता. पण तो इतक्या लवकर का झिजतो, हे विचारायला त्याच्याकडे वेळ नव्हता. गॅरेजमधल्या जागेला भाडं असतं. खोललेली गाडी चार दिवस पडून राहिली तर चार गिऱ्हाइकं परत जातात. संध्याकाळी शटर ओढायच्या आत उघडं पडलेलं सगळं बंद करावं लागतं. अशा ठिकाणी 'बदलून टाका' हेच शहाणपणाचं उत्तर असतं. 'असं का होतं?' हा प्रश्न तिथं महाग पडतो.

घरात तो प्रश्न परवडतो. माझ्या मनातल्या विचाराचं पहिलं टोक हे आहे. घर गाडीला जागा देतंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मुदत देतं. इंजिन जमिनीवर उघडं पडून राहू शकतं, आणि माणूस रोज संध्याकाळी चहा घेऊन त्याच्याकडे बघत बसू शकतो. काहीच न करता बघत बसणं हाही त्या कामाचा भाग असतो, हे मला अण्णांकडे बघून समजलं.

व्हेस्पाच्या जातीत एक सोय फार सुंदर आहे. मागच्या चाकासकट अख्खं इंजिन बाहेर येतं. एक लांब आडवा बोल्ट, मागच्या शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट, सायलेन्सर, पेट्रोलची नळी आणि केबली सोडवल्या की सांगाडा एकीकडे आणि इंजिन दुसरीकडे. अण्णांनी आईचं एक जुनं नऊवारी मागून घेतलं, त्याची चौपदरी घडी करून खिडकीखाली अंथरली आणि इंजिन त्यावर आडवं केलं. मग एकेक पार्ट निघेल तसा डावीकडून उजवीकडे मांडत गेले. जे शेवटी निघालं ते सगळ्यात उजवीकडे. जोडताना उजवीकडून उचलायला सुरुवात करायची. शाळेच्या वहीतून फाडलेल्या चिठ्ठ्यांवर बॉलपेननं आकडे लिहून प्रत्येकासमोर ठेवले. मधून कोणी चालायचं नाही, झाडू फिरवायचा नाही. आईनं आठ महिने त्या लुगड्याच्या कडेकडेनं झाडलं.

क्रँककेसचे, म्हणजे इंजिनच्या कवचाचे, दोन अर्धे सुटले आणि आतले गिअर दिसले, तो नोव्हेंबर होता. खालच्या गिअरच्या दांड्यात बारीक रोलर असतात, सुईएवढाले, वीसेक. मिस्त्री त्यांना निडल म्हणतात. ते मोकळेच असतात, दांडा ओढला की तांदळासारखे सांडतात. सांडलेच. माझ्या मुलानं मोजून वाटीत भरले, एक कमी भरला. गॅरेजमध्ये तो एक रोलर हरवला असता, नवा सेट घ्यावा लागला असता. घरात पडलेली वस्तू घरातच असते. तीन दिवसांनी आईला तो पायपुसण्याच्या धाग्यात अडकलेला सापडला. तिनं तो आणून अण्णांच्या तळहातावर ठेवला, जणू पडलेला मोतीच.

अण्णांबद्दल आता थोडं सांगायला हवं, कारण विचाराचं दुसरं टोक त्यांच्यापाशी आहे.

वाळूजचा बजाजचा कारखाना १९८५ साली अवघ्या १६ महिन्यांत उभा राहून सुरू झाला आणि या शहराची चाल बदलली. त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्यांची रांग लागली. एन्ड्युरन्स, व्हेरॉक अशी नावं इथूनच मोठी झाली. पुढे शेंद्र्याला स्कोडा आली. पैठण, गंगापूर, वैजापूर, सिल्लोडकडची शेतकऱ्यांची पोरं आयटीआय करून कंपनीच्या बसमध्ये बसली. घराघरात शिफ्टप्रमाणे जेवायच्या वेळा ठरल्या. अण्णा त्यांतलेच एक. वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनच्या लाईनवर २९ वर्षं. त्यांच्यापुढे इंजिन यायचं ते दोन्ही अर्धे मिटून, पिस्टन आत बसून. ते त्यावर हेड ठेवायचे आणि चार नट आवळायचे. इंजिन पुढे जायचं, दुसरं यायचं. आवळणी बरोबर झाली हे त्यांना नट आवळायच्या गनच्या आवाजावरून आणि मनगटाला बसणाऱ्या झटक्यावरून कळायचं. २९ वर्षांत किती नट आवळले असतील याचा हिशेब त्यांनी कधी केला नाही. मी एकदा करायला बसलो, तर मला म्हणाले, "राहू दे."

लाईनचं गणित सरळ आहे. दर मिनिटाला एक गाडी बाहेर पडायची असेल तर प्रत्येक माणसाच्या वाट्याला एका मिनिटात होईल एवढंच काम येतं, जास्त नाही. हेन्री फोर्डनं १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात चालती लाईन सुरू केली. एका गाडीचा सांगाडा जुळवायला साडेबारा तास लागायचे, ते पुढच्या वर्षी ९३ मिनिटांवर आले. हे काही लहानसहान काम नव्हे. मी लाईनच्या विरोधात एक अक्षरही लिहिणार नाही. लाईन नसती तर दुचाकी श्रीमंताच्या दारातच राहिली असती, आणि अण्णांना महिन्याच्या महिन्याला पगार मिळून हे घरही झालं नसतं.

पण त्याच फोर्डची सतरा वर्षं आधीची एक गोष्ट आहे. १८९६ साली डेट्रॉइटमध्ये बॅगली ॲव्हेन्यूवरच्या भाड्याच्या घरामागं कोळशाच्या शेडमध्ये त्यानं आपली पहिली गाडी बनवली. नोकरी सांभाळून, रात्री जागून. सायकलची चार चाकं आणि मागे इंजिन. जून महिन्यात एका पहाटे गाडी तयार झाली, बाहेर काढायला गेला तर शेडचं दार अरुंद! कुऱ्हाड घेऊन त्यानं विटांची भिंत फोडली आणि गाडी रस्त्यावर आणली. महिनोन्महिने मापं घेणाऱ्या माणसाला दाराचं माप घ्यायचं सुचलं नाही, हे मला फार खरं वाटतं. त्या शेडमध्ये त्याला अख्खी गाडी माहीत होती, नटापासून चाकापर्यंत. पुढे त्यानं जी लाईन उभारली तिच्यावरच्या एकाही माणसाला अख्खी गाडी माहीत असण्याची गरज उरली नाही.

आता दोन्ही टोकं जुळवतो. लाईन गाडीचे तुकडे करून माणसांत वाटते. गॅरेज गाडीच्या आजाराचे तुकडे करतं, जो पार्ट गेला तो बदलतं. दोघांकडेही ते करण्याला सबळ कारण आहे, आणि ते कारण वेळ हेच आहे. गाडी एकसंध, एका माणसाच्या हाताखालून पहिल्या बोल्टपासून शेवटच्या बोल्टपर्यंत जाण्याची जागा मग उरते कुठं? आपल्यासारख्यांना ती घरातच उरते. ज्या शहरात रोज हजारो हात गाड्या जुळवतात, तिथल्या कित्येकांनी एकही इंजिन पूर्ण जुळवलेलं नसतं. अण्णांनी हेडखाली काय असतं ते चित्रात पाहिलं होतं, ट्रेनिंगमध्ये पाहिलं होतं. पण जे झाकण ते २९ वर्षं लावत आले, ते काढून आत हात घालण्याची पाळी त्यांच्यावर निवृत्तीनंतर, आपल्याच पुढच्या खोलीत, पहिल्यांदा आली. पिस्टन हातात घेऊन ते बराच वेळ बसले होते. ५७ मिलिमीटर व्यास, आणि वरखाली धावही ५७ मिलिमीटरच. त्यातून १४५ सीसी. "चौकोनी इंजिन आहे," म्हणाले, "रुंदी तेवढीच उंची." त्यांच्या आवाजात असा काही आनंद होता की मीही तो पिस्टन हातात घेऊन पाहिला.

आजाराचं मूळ जानेवारीत सापडलं. क्रॉस झिजतो कारण गिअरची चारही चाकं दांड्यावर आडवी हलत होती. चाकांच्या शेजारी एक कडं असतं, ते त्यांना जागेवर दाबून ठेवतं. कडं आणि चाक यांच्यामध्ये फीलर गेजची पातळ पाती घालून फट मोजायची. ०.४ मिलिमीटरच्या वर फट असता कामा नये. अण्णांनी पातीवर पाती चढवत नेली, ०.४ गेली, ०.५ गेली, ०.६ सुद्धा सैल शिरली. म्हणजे क्रॉसचे पाय खाचेत पूर्ण बसतच नव्हते, काठावर लटकत होते, आणि म्हणून त्यांच्या कडा झिजत होत्या. नवा क्रॉस टाकला की नव्या कडा काही महिने तग धरायच्या, एवढंच. दोन वेळा जो पार्ट बदलला तो आजारी होता; आजार मात्र शेजारच्या कड्यात होता. जाड कडं मिळवायला चार रविवार जाफर गेटच्या बाजारात गेले. जुने पाने, बेअरिंगं, कारबोरेटर यांच्या ढिगांत अण्णा उकिडवे बसायचे, खिशातून व्हर्निअर काढून एकेक कडं मोजायचे. चौथ्या रविवारी मिळालं.

याच सुमाराला संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. आईनं कधी नव्हे ते ठामपणे सांगितलं, की हे सगळं उचला. उचलता येत नाही म्हटल्यावर इंजिनावर धुतलेली चादर टाकली आणि बायका सोफ्यावर दाटीवाटीनं बसल्या. एकीनं चादर वर करून पाहिलंच. आई तिला काय सांगत होती ते मी आतल्या खोलीतून ऐकलं. "चारही गिअर सदा फिरतच असतात बघा. त्यातला एकच धरायचा असतो. धरणारं हे एवढंसं आहे." हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती चार महिने त्याच खोलीत शेंगा सोलत होती, वाती वळत होती, आणि अण्णा स्वतःशी पुटपुटत होते.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. घरात गाडी खोलण्याची किंमत बहुतेक वेळा खोलणारा देत नाही. ती दुसऱ्या कुणाला तरी कडेकडेनं झाडावं लागण्यात, पाहुण्यांपुढे अवघडण्यात, पडद्यांना लागलेल्या ग्रीसच्या वासात दिली जाते. परवानगी विचारून काम सुरू करणारे कमी. अण्णांनीही विचारलं नव्हतं. आईनं ती नंतर, हप्त्याहप्त्यानं दिली, आणि त्याबद्दल तिचं मोठेपण मला अण्णांच्या कौशल्याइतकंच वाटतं.

दुसरी गोष्ट जिवाची. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही तयार होते आणि ती हवेहून जड असते. ती वर जाऊन खिडकीतून निघून जात नाही, फरशीवरून पाण्यासारखी सरपटत जाते. देवघरातली समई, स्वयंपाकघरातली शेगडी, फ्रिजमधली ठिणगी यांच्यापर्यंत पोचते. म्हणून आमच्याकडे टाकी आणि कारबोरेटर कधी उंबऱ्याच्या आत आले नाहीत. टाकी पहिल्याच दिवशी रिकामी करून गच्चीवर गेली. पार्ट रॉकेलनं धुवायचे तेही पोर्चमध्येच. आणि इंजिन बंद खोलीत चालू करून बघायचं नाही, अर्धं मिनिटसुद्धा नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. ज्यांच्या घरात अशी कामं चालतात त्यांना हात जोडून सांगतो, बाकी सगळं आत करा, पेट्रोल आणि आग बाहेर ठेवा.

मुदतीची गोष्ट मी वर काढली. ती किती लांबू शकते हे न्यूझीलंडच्या बर्ट मन्रोनं दाखवलं. इन्व्हरकार्गिल नावाच्या शहरात तो शेडमध्येच राहायचा आणि शेडमध्येच काम करायचा. १९२० साली घेतलेली एक इंडियन स्काउट तो आयुष्यभर खोलत आणि जोडत राहिला, पिस्टन स्वतः ओतायचा. १९६७ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर त्यानं ती गाडी ताशी २९५ किलोमीटरच्या पुढे नेली. त्याच्यावरचा २००५ चा सिनेमा मी अण्णांना लावून दिला. खिडकीखाली उघडं इंजिन, समोर सिनेमा. शर्यतीचा भाग त्यांनी एकदाच पाहिला, शेडचा भाग दोनदा. पुढं कोणती शर्यत जिंकायची हे ठाऊक नसतानाही माणूस सत्तेचाळीस वर्षं एकाच यंत्रापाशी राहतो, हे त्यांना अजिबात विचित्र वाटलं नाही.

आपल्याकडचं उदाहरणही आठवतं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी लोहारकाम करणाऱ्या एका गृहस्थांनी मुलाच्या हट्टापायी भंगारातून चारचाकी बनवली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. २०२१ च्या अखेरीस उद्योगपती आनंद महिंद्रांनी ती पाहिली आणि पुढच्या महिन्यात बदल्यात बोलेरो दिली. ती गाडी रस्त्याच्या नियमांत बसत नव्हती, आणि नियमही असावेतच. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानं कंपनीनं ठरवलेली मूळ रचना बदलायला मनाई आहे. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलं. दुरुस्ती आणि बदल यांमधली ही रेघ घरात काम करणाऱ्यानं पाळावी असं मला मनापासून वाटतं. सायलेन्सर कापून गल्ली हादरवणारी पोरं गाडी खोलत नाहीत, फोडतात.

ही खोली पुढे किती दिवस टिकेल, हा प्रश्न मला सतावतो. २०२० च्या एप्रिलपासून नव्या गाड्या बीएस-६ झाल्या, कारबोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, आणि आजार कानानं नाही तर स्कॅनरनं ओळखायचे झाले. बिडकीनला विजेच्या गाड्यांचे कारखाने येऊ घातलेत. त्यांच्या बॅटरीचा डबा घरी खोलू नये, त्यात जिवाला धोका आहे, हे मी अण्णांनाही सांगून ठेवलं आहे. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, ते चांगलंच झालं. पण हक्क कागदावर मिळाला तरी हात घालायला जागा उरली पाहिजे. चाकाचं बेअरिंग, ब्रेकचा लायनर, हँडलचा कोन सेट एवढं तरी घरात खोलता यावं, मुलांच्या देखत.

मे महिन्यात जोडायला सुरुवात झाली. क्रँककेसमध्ये नवी बेअरिंगं बसवायची होती. ती जागेपेक्षा किंचित मोठी असतात; ठोकून बसवली तर केसला तडा जायची भीती. केस ॲल्युमिनियमची, बेअरिंग पोलादाचं, आणि उष्णतेनं ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. अण्णांनी बेअरिंगं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवली, आमरसाच्या डब्याला टेकून. केसचे दोन्ही अर्धे सकाळी गच्चीत काळ्या पत्र्यावर मांडले. दुपारी अडीचला आपल्या शहरातल्या मे महिन्यात धातूला हात लावता येत नाही. आम्ही तिघं गच्चीवर गेलो. मी पिशवी फोडली, आईनं फडक्यानं केस धरली, अण्णांनी बेअरिंग दोन बोटांत धरून जागेवर नेलं आणि सोडलं. हातोडी नाही, जोर नाही. 'टक्' असा आवाज आला आणि बेअरिंग तळाशी जाऊन बसलं. मिनिटभरात दोन्ही धातू एकमेकांची उष्णता घेऊन सारखे झाले, मग ते बेअरिंग हलवून हलेना.

तिथून पुढं सगळं उजवीकडून डावीकडे उलगडत गेलं. चिठ्ठ्या एकेक करून संपल्या. जाड कडं, नवा क्रॉस, वाटीतले सगळे रोलर, दोन अर्धे, पिस्टन. त्याच्या माथ्यावरचा बाण सायलेन्सरच्या दिशेनं. हेड आणि चार नट. ते आवळताना अण्णा क्षणभर थांबले आणि मग मनगटाचा तोच जुना झटका.

स्कूटर पोर्चमध्ये गेली, टाकी बसली, ऑइल घातलेलं पेट्रोल भरलं. आईनं खोली धुऊन काढली, सोफा जागेवर आला. नऊवारीवरचे डाग काही गेले नाहीत. ते घडी करून माळ्यावर ठेवलं गेलं. दुसरा गिअर आता सटकत नाही, जळगाव रोडच्या चढालाही नाही.

परवा संध्याकाळी अण्णा ड्रमांच्या मधल्या जागेत स्कूटर चालू करून कान देत उभे होते. आवाज चालू होता, पण मधूनच एक ठोका गाळल्यासारखा, धूरही जरा दाट. आतून, फोडणीच्या आवाजातून, आईचा आवाज आला.

"अहो, पेट्रोल जास्त जायलंय त्यात. जेट बघा."